आपले ओठ आरशात कसे पाहावेत

माणूस दात दाखवायला खुर्चीत बसतो, पण मला आधी दिसतात ते त्याचे ओठ. नागपुरात मार्च लागला की फुटलेल्या ओठांची रांगच लागते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ऊनच तसं हाय न मॅडम." खिशात लिप बामची कांडी असते, ती दिवसातून दहादा फिरवून झालेली असते, आणि ओठ होते तसेच असतात. काय लावायचं ते शेजारीणसुद्धा सांगते. बघायचं कसं, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज आरशासमोरची ही पंधरा-वीस मिनिटांची उजळणी.

तयारी फार नाही. सकाळचा उजेड येतो अशी खिडकी, हातभर आरसा, एक स्वच्छ सुती रुमाल, केसांत खोचायची यू-पिन आणि देवघरातलं निरांजन. ट्यूबलाइटखाली बसू नका, तिथे रंग फसवतो. ओठांवरची लिपस्टिक, बाम, चहाचा डाग साध्या पाण्याने पुसून घ्या. हात साबणाने धुवा, कारण थोड्या वेळाने बोटं तोंडात घालायची आहेत.

पहिली पायरी: हात न लावता

तोंड मिटा, पण आवळू नका. नाकाच्या मधल्या पडद्याखालून वरच्या ओठापर्यंत एक उथळ पन्हळ उतरते. तिच्या दोन्ही कडा वरच्या ओठाच्या किनारीला मिळतात तिथे दोन उंचवटे दिसतील आणि त्यांच्यामध्ये बाक. हेच ओठाचं धनुष्य. धनुष्याच्या खाली, ओठाच्या अगदी मध्यावर एक छोटा फुगवटा असतो. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या याच जागी चोखून चोखून फोड किंवा सालपट येतं. आज्या घाबरतात, पण त्याला काही करावं लागत नाही.

पन्हळीपाशी जरा थांबा. आईच्या पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात बाळाचा चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांतून जुळत येतो. मधला भाग नाकाकडून उतरतो, बाजूचे दोन गालांकडून येतात, आणि त्यांची सांधणी होऊन वरचा ओठ तयार होतो. ही सांधणी एका किंवा दोन्ही बाजूंना राहून गेली, की बाळ दुभंगलेल्या ओठाने जन्मतं. म्हणूनच ही फट बरोबर मध्यावर सहसा नसते, पन्हळीच्या कडेला असते. आपल्याकडे अजून सुनेला ऐकवलं जातं, "ग्रहणात भाजी चिरली असंल." ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, गरोदरपणातली तंबाखू, फिट्सची काही औषधं ही त्यामागची माहीत असलेली कारणं. त्यात सातव्या आठवड्यापर्यंत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची जेमतेम खात्री झालेली असते, मग ग्रहणाचा हिशेब लावायचा कुठून? ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. ती नीट झाली तर पुढे एक बारीक रेघ तेवढी उरते.

आता किनार बघा. साधी त्वचा जिथे संपते आणि लालसर भाग सुरू होतो, तिथे एक रेघ असते, तिच्या लगत वरच्या बाजूला किंचित फिकट, उठावदार कड. उजेड तिरपा घेतलात की चमकते. तरण्या ओठावर ही रेघ पेनाने आखल्यासारखी असते. वय वाढलं की ती पुसट होते, ओठ पातळ होऊन आत वळतो, नाकाखालचं अंतर लांबतं. पण चाळिशीच्या आतल्या माणसाची खालच्या ओठाची किनार मधेच विरघळल्यासारखी दिसली, वर कोरडे पापुद्रे असले, तर तो उन्हाचा मार असू शकतो. खालचा ओठ आकाशाकडे तोंड करून असतो, त्यामुळे वरच्यापेक्षा ऊन त्यालाच जास्त लागतं. शेतात, बांधकामावर, ट्रॅफिकच्या चौकात उभं राहून काम करणाऱ्यांनी ही किनार महिन्यातून एकदा बघावी.

दुसरी पायरी: रुमालाने टिपून

ओठ रुमालाने हलकेच टिपा. घासू नका. लालसर भागावर उभ्या बारीक रेघा दिसतील. तिथे त्वचा गालापेक्षा फारच पातळ असते आणि खाली केशवाहिन्यांचं दाट जाळं, म्हणून रक्ताची लाली वर उमटते. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी कातडीत त्यावर मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याचा थरही असतो, म्हणून कित्येकांचे ओठ मुळात तपकिरी किंवा जांभळट असतात. हा रोग नव्हे. जन्मापासूनचा तपकिरी ओठ गुलाबी करून देणाऱ्या मलमांवर पैसे घालवू नका. मात्र गेल्या वर्षा-दोन वर्षांत ओठ काळवंडला असेल तर कारण शोधा: बिडी-सिगारेट, ऊन, सतत ओठ चाटणं, एखादी लिपस्टिक किंवा टूथपेस्टचा वास-स्वाद न मानवणं. टूथपेस्ट बदलून दोन-तीन आठवडे बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

या लाल भागावर केस नाहीत, घाम नाही, आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नाहीत. हे एक कळलं की ओठ का फुटतात याचं निम्मं उत्तर मिळतं. गालाला स्वतःचं तेल आहे, ओठाला ते उधार आणावं लागतं. काहींच्या लाल भागात रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके दिसतात. त्या वाट चुकलेल्या तेलग्रंथी, फोर्डाइसचे ठिपके म्हणतात त्यांना. निरुपद्रवी असतात, नखाने उकरू नका.

फिकटपणा बघायचा तर ओठावर विसंबू नका. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, जीभ बघा, नखं बघा. सगळंच पांढुरकं असेल तर रक्त तपासा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, तेव्हा नुसत्या लोहाच्या गोळ्या गिळत बसण्यापेक्षा तीही तपासणी एकदा करून घ्यावी. ओठ-जीभ निळसर आणि सोबत धाप, हे घरी बसून बघायचं प्रकरण नाही.

तिसरी पायरी: ओठ उलटून

मला स्वतःला ही पायरी सगळ्यात आवडते. खालचा ओठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बाहेर उलटा. आतली ओली, गुळगुळीत, गुलाबी बाजू रुमालाने कोरडी करा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. एकेक करून लाळेचे दवासारखे थेंब फुटताना दिसतील. तिथे खाली बारीक लाळग्रंथी आहेत. ओठ सोडून जिभेचं टोक आतून फिरवलं तर त्या साबुदाण्यासारख्या लागतातही. जेवताना ओठ चावला गेला आणि यातली एखादी नळी फुटली की आत लाळ साचून निळसर, मऊ, न दुखणारा फुगा येतो. त्याला म्यूकोसील म्हणतात. फुटतो, पुन्हा भरतो. टाचणीने फोडू नका. वारंवार आला तर दंतवैद्य छोट्या शस्त्रक्रियेत ग्रंथीसकट काढतात.

वरचा ओठ उचला. मध्यावर हिरडीपर्यंत जाणारा पातळ पडदा दिसेल. चालायला शिकणारी पोरं पडली की हा हमखास फाटतो आणि रक्त बघून घर डोक्यावर घेतलं जातं. बहुतेक वेळा स्वच्छ कापड दाबून धरलं की थांबतं आणि टाक्याशिवाय भरून येतं.

आता अंगठा ओठाच्या आत, तर्जनी बाहेर, अशी चिमूट कोपऱ्याजवळ हलकेच धरा. थोडं मागेपुढे केलंत की बारीक ठोका लागेल. ही ओठाची धमनी, डावी-उजवीकडून येऊन मध्यावर जुळणारी. ओठ कापला तर एवढं रक्त का येतं आणि दोन्हीकडून का येतं, ते इथे बोटाला कळतं. उपायही याच चिमटीत आहे: कापड घेऊन जखमेच्या दोन्ही अंगांना ओठ आतून-बाहेरून दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला उघडून बघणाऱ्याचं रक्त थांबत नाही. हळद, कॉफी, चुना यातलं काहीही भरू नका, ते काढताना आमचा जीव जातो आणि तुमचाही. काप किनारीच्या रेघेतून गेला असेल तर टाके घेणाऱ्याला तेवढं आवर्जून दाखवा. तिथे एखादा मिलिमीटर चुकला तरी समोर बसून बोलणाऱ्याला पायरी दिसते.

चिमूट तशीच ठेवून कोपऱ्यापासून बोटभर गालाकडे सरकवा. एक टणक गाठ लागेल. ही भीतीची गाठ नव्हे. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू तिथे एकत्र येऊन गुंततात, तिला मोडिओलस म्हणतात. ओठांभोवतीचा स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस, पूर्वी रबरबँडसारखा अखंड गोल समजला जायचा. खरं म्हणजे या दोन गाठींवरून आलेल्या अनेक पट्ट्यांचं ते विणकाम आहे. म्हणून ओठ नुसता मिटत-उघडत नाही, तो मुरडतो, दुमडतो, एका बाजूने हसतो.

चौथी पायरी: ओठांना कामाला लावा

दोन बोटांनी ओठ दाताला टेकू न देता अलग धरा आणि "बापूने भोपळा पोपटाला मोफत पाठवला" असं म्हणून बघा. प, फ, ब, भ, म ही अख्खी रांग ओठांची. ओठ मिटल्याशिवाय यातलं एकही अक्षर नीट निघत नाही. "व"ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, आणि "ऊ", "ओ"ला ओठ गोल होतात. आता निरांजन तोंडासमोर वीतभर अंतरावर ठेवून आधी "पळ" म्हणा, मग "फळ" म्हणा, पण फ म्हणताना दात ओठाला लावायचा नाही. पला ज्योत जेमतेम हलते, फला वाकते. आजकाल फ दाताने म्हणायची सवय झाली आहे, त्यांची ज्योत वेगळीच नाचेल. घरात बोलायला उशीर लागलेलं पोर असेल तर हा खेळ त्याच्यासोबत खेळा.

मग गाल फुगवा, शीळ वाजवा, दात दाखवून हसा, कपाळाला आठ्या घाला. हवा एका बाजूने सुटते का? हसताना एक कोपरा मागे राहतो का? ओठ हलवणारी नस आहे चेहऱ्याची, सातवी. अचानक एक कोपरा उतरला तर आधी कपाळ बघा. त्या बाजूच्या आठ्याही गेल्या, डोळा मिटत नाही, तर बहुधा नस सुजलेली असते, बेल्स पाल्सी. त्यातही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, औषध लवकर सुरू झालेलं बरं. कपाळ ठीक आहे आणि फक्त ओठ उतरला आहे, बोलणं अडखळतं, हात गळतो, तर मेंदूचा झटका समजून १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. शंका आली तर कपाळाचा निकाल लावत बसू नका, सरळ निघा. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य मी ऐकलं आहे.

स्पर्शाची नस वेगळी, पाचवी. तिच्या तीन शाखांपैकी एक वरच्या ओठाला जाते, एक खालच्या. दाढ काढताना जबड्याला इंजेक्शन दिलं की खालचा अर्धाच ओठ बधिर होतो तो यामुळे. पोरांना ही गंमत वाटते आणि ती बधिर ओठ चावत बसतात. संध्याकाळी तो सुजून टम्म होतो आणि आई-बाबा म्हणतात इंजेक्शन बिघडलं. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, एवढंच पथ्य.

यू-पिनची टोकं चार-पाच मिलिमीटर अंतरावर आणून डोळे मिटलेल्या माणसाच्या ओठावर हलकेच टेकवा. दोन टोकं वेगळी कळतील. तीच पिन तशीच पाठीवर टेकवा. एकच टोक लागेल, पाठीला दोन वेगळी कळायला तीन-चार सेंटिमीटर अंतर लागतं. मेंदूत पाठीच्या मानाने ओठांना कितीतरी मोठी जागा आहे.

नागपूरच्या हवेत काय करायचं

मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, डिसेंबर २०१८ च्या शेवटी ३.५ वर उतरला होता. दोन्ही टोकांना हवा कोरडीच. ओठ सुकला की जीभ आपोआप फिरते. लाळ उडून जाते, जाताना ओल घेऊन जाते, आणि लाळेतली पाचकद्रव्यं पातळ त्वचेला चावतात. मग ओठाभोवती लाल, खरखरीत कडं उमटतं. शाळकरी पोरांत हे कडं बघितलं की मी बाम विचारत नाही, चाटतो का ते विचारते.

लावायचं ते साधं: पेट्रोलियम जेली, मेण असलेला बिनवासाचा बाम किंवा घरचं साजूक तूप. पाणी पिऊन, ओठ किंचित ओलसर असतानाच लावा, म्हणजे ओल आत राहते. झोपताना जाडसर थर. उन्हात जायचं तर एसपीएफ ३० किंवा वरचा बाम आणि वर दुपट्टा. गारगार वाटणारे मेन्थॉल-कापूर-पुदिन्याचे बाम मला पसंत नाहीत. दोन मिनिटं बरं वाटतं, फुटलेल्या ओठाला ते आणखी चिडवतात, आणि माणूस पुन्हा कांडी काढतो. लिंबू-साखर चोळणं तर जखमेवर मीठच. पापुद्रा ओढू नका, जेली लावून मऊ झाल्यावर तो स्वतः पडतो. बेंबीत तेल घालायचं तर घाला, आईचं मन राहतं, पण बेंबीपासून ओठापर्यंत जाणारी कुठलीही नळी नाही.

कूलरचा झोत तोंडावर घेऊन, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांचे ओठ सकाळी फुटलेलेच असणार. झोत पायाकडे वळवा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचं नाक आणि नाकामागची ॲडिनॉइडची गाठ दाखवून घ्या. संत्रं दाताने सोलू नका, सालीतलं तेल फुटल्या ओठाला झोंबतं. आंबा चोखण्याआधी देठाकडचा चीक पिळून टाका आणि आंबा धुवा. त्या चिकाने ओठावर पुरळ येतं आणि मागे काळे डाग राहतात.

कोपऱ्यांच्या चिरा बामने जात नाहीत. त्यामागे बहुधा बुरशी, कवळी झिजून कोपऱ्यात साठणारी लाळ, लोह किंवा बी-व्हिटॅमिनची कमतरता असते. ज्याचं त्याचं औषध वेगळं. किनारीवर आधी झिणझिण्या आणि मग घोसाने पाणीदार फोड, ही नागीण नव्हे, की "कोळी मुतला" हेही नव्हे. हा हर्पीसचा विषाणू, ताप-ऊन-जागरण झालं की पुन्हा डोकं काढणारा. झिणझिण्या असतानाच डॉक्टरांकडून मलम किंवा गोळी घेतली तर उपयोग होतो. आठ-दहा दिवस बाळाचा मुका घेऊ नका, टॉवेल वेगळा ठेवा.

शेवटची पायरी: तीन बोटं

तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. आरामात जायला हवीत.

ही पायरी मी खर्रा खाणाऱ्यांसाठी शेवटी ठेवते, आधी सांगितली तर ते लेखच मिटतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून त्याचा खर्रा देणारा ठेला चौकाचौकात दिसतो. खालच्या ओठाच्या खोबणीत खर्रा दाबून ठेवायची जागा ठरलेली असते. तो ओठ उलटला की तिथेच पांढरट, सुरकुतलेला पट्टा दिसतो. सुपारीने आतल्या त्वचेखाली कडक तंतू तयार होतात, ओठ-गालाची लवचीकता जाते, तोंड हळूहळू मिटत येतं. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात याला. हे तंतू पूर्ववत होत नाहीत, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका खरा आहे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, ओठातला कडक गोळा, हनुवटीखाली न दुखणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर नागपुरात मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखतच नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिशीही न गाठलेला एक मुलगा दात साफ करायला आला. दात ठीक होते. उठता उठता म्हणाला, "मॅडम, सावजी सोसतच नाही आता. पयले मी रस्सा वाट्यांनी प्यायचो. आता तर्री पोहे खाल्ले तरी आग होते." मिरचीची आग वाढलेली नव्हती, आतली त्वचा फिकट आणि पातळ झाली होती. मी त्याला बोटं घालून दाखवायला सांगितली. दोन गेली, तिसरी दातावर अडली. त्याने हात बदलून पाहिला, डाव्या हाताचीही तिसरी अडली. मग मी शीळ वाजवायला सांगितली. ओठ गोल होईनात, नुसती हवा सुटली. तो हसला आणि म्हणाला, "कॉलेजात तर मीच वाजवायचो." खिशातली पन्नी त्याने काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली. पुढच्या महिन्याची तारीख त्याला लिहून दिली आणि रोज सकाळी आरशासमोर बोटं मोजायला सांगितली.